मानेवरचा तो मळ नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात घरगुती स्क्रबची एक कृती आली होती. साखर, मीठ, अख्ख्या लिंबाचा रस आणि चमचाभर खाण्याचा सोडा. हे मिश्रण मान, कोपर आणि गुडघ्यांवर रोज दहा मिनिटं घासा, आठवड्यात काळपटपणा निघून जाईल, असं चौकटीत छापलं होतं. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण हीच कृती, जवळजवळ याच मापाने, मी माझ्या मुलीच्या मानेवर अकरा महिने केली आहे.

हे पत्र मुलीला विचारूनच लिहिते आहे. ती आता एकोणीस वर्षांची आहे. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाली, म्हणून खाली माझंही नाव देत नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी सव्वीस वर्षं काम केलं. पावडरी कुटायच्या, चाळायच्या, वजन करायच्या, मलमं घोटायची, नवीन मुलांना खल कसा धरायचा ते दाखवायचं, यात दिवस जायचा. कुठला पदार्थ कशात विरघळतो, कशाने कातडी चरचरते, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी घरी आल्यावर ते सगळं बाजूला पडलं, कारण मुलीची मान मला मळकट दिसत होती आणि आईच्या डोळ्यांना मळ दिसला की हात शिवशिवतात.

तिला बारावं लागलं होतं. घरी आलेल्या एक नातेवाईक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, पोरीची मान घासून देत जा की. आंघोळ करते की नाही ही?" मुलगी आत निघून गेली. त्या रात्री मी कुठल्याशा मासिकातलं कात्रण शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. दोन्ही हातांनी केस वर धरून ती न्हाणीघरात स्टुलावर बसायची. मी मागून घासायला लागले की समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजायची. आडव्या अकरा, उभ्या चौदा. मला ते आकडे पाठ आहेत, कारण रडू येऊ नये म्हणून ती ते मोठ्याने मोजायची.

मान लाल व्हायची, दोन दिवस हुळहुळायची, मग बारीक पापुद्रे सुटायचे. पापुद्रे सुटले की मला वाटायचं, निघतोय मळ. पंधरा दिवसांनी मान आधीपेक्षा जास्त काळी दिसायची. मग मी लिंबू वाढवायची.

त्वचारोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो ते तिच्या पाठीवरच्या पुरळासाठी. डॉक्टर बाईंनी पाठ बघितली आणि मग न विचारताच तिचे केस बाजूला करून मानेवरून दोन बोटं फिरवली. मला म्हणाल्या, "इथे हात लावून बघा. मखमलीसारखं जाडसर लागतंय ना?" लागत होतं. अकरा महिने मी ती मान घासत होते, पण तिच्यावरून हलक्या हाताने बोट त्या दिवशी पहिल्यांदा फिरवलं. मग त्यांनी विचारलं, घरात मधुमेह कोणाला आहे? माझ्या आईला आहे, दोन्ही मामांना आहे. काखेतही अशीच छटा आहे का? होती. उपाशीपोटी रक्त तपासलं, तर साखर ठीक होती आणि इन्सुलिन बरंच वाढलेलं होतं.

या स्थितीला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला उद्युक्त करतं. मान, काखा, जांघा अशा घड्यांच्या जागी त्वचा जाड, सुरकुतलेली आणि गडद होते. प्रत्येक वेळी कारण इन्सुलिनच असतं असं नाही. काहींना ते घराण्यातूनच येतं, काहींना औषधांमुळे होतं, आणि मोठ्या वयात एकाएकी उमटलं तर त्याची वेगळी तपासणी करावी लागते. पण आत काय चाललं आहे त्याची ती बाहेर दिसणारी खूण असते आणि मी ती खूण मिठाने खरवडत होते. वर घासण्याने त्वचेचा दाह होतो आणि दाह झाला की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त काम करतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेत हे अधिक होतं. म्हणजे काळपटपणा घालवण्याच्या नादात मी तो वाढवत होते.

परत येताना वाटेत मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी घाणेरडी नव्हते ना?"

संपादक महाशय, माझी पहिली विनंती त्या ठळक वाक्याबद्दल आहे. साखर-मिठाने मानेचा काळपटपणा जातो, हे कृपा करून छापू नका. अचानक किंवा हळूहळू जाडसर काळी होत गेलेली मान दिसली तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या, एवढं एक वाक्य त्या जागी आलं तर कुठल्या तरी घरात एखादी मुलगी स्टुलावरून उठेल. माझ्या मुलीचं पुढे चालणं, पोहणं, वेळेवर झोप, गोड पेयं बंद, असं सगळं सुरू झालं. दोन-अडीच वर्षांत मानेचा जाडपणा बराच उतरला. थोडी छटा अजून आहे, ती राहू दे.

आता कोणाला वाटेल की या बाई स्क्रबच्याच विरोधात आहेत. तसं अजिबात नाही. मी आजही पंधरा दिवसांतून एकदा स्वतःसाठी स्क्रब करते, मुलीलाही करून देते आणि तो करताना मला फार बरं वाटतं. म्हणूनच तो काय करू शकतो आणि काय नाही, हे नीट सांगावंसं वाटतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाएवढी, म्हणजे १० ते २० मायक्रोमीटर. तेवढ्यात पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात. खाली नवी पेशी तयार होऊन ती वर येईपर्यंत आणि गळून पडेपर्यंत तरुण वयात साधारण २८ दिवस जातात. वय वाढतं तसा हा काळ लांबतो. "मेलेल्या पेशी" असं म्हटलं की त्या काढून टाकण्याजोग्या वाटतात. पण हाच थर अंगातलं पाणी आत धरून ठेवतो आणि बाहेरचे जंतू बाहेर. तो सगळा काढला तर आपली आग आग होईल.

या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे दुवे त्वचेतलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, हळूहळू तोडतात आणि वरचा पदर आपोआप गळतो. त्या विकरांना काम करायला ओलावा लागतो. त्वचा कोरडी पडली की दुवे अर्धवट तुटतात आणि पेशींचे पुंजके तसेच चिकटून राहतात. पोटऱ्यांवर पांढरट कोंडा दिसतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो, तो हाच. इथे स्क्रब उपयोगी पडतो. गळायच्या बेतात असलेले हे पुंजके तो अलगद काढतो, त्वचा मऊ लागते, नंतर लावलेलं तेल किंवा मलम सारखं पसरतं. एवढंच त्याचं काम आहे आणि ते तो छान करतो. त्वचेचा मूळ रंग या पदराच्या खाली ठरतो. तिथे साखर पोचत नाही आणि पोचूही नये.

लिंबाचं मात्र सविस्तर सांगते, कारण घरगुती कृतींत ते हटकून असतं. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच. सामूच्या मोजपट्टीवर एक घर म्हणजे दहापट, त्यामुळे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्लधर्मी ठरतं. आधी मिठाने खरवडायचं आणि त्यावर हे पिळायचं! खाण्याच्या सोड्याचं पाणी याच्या उलट टोकाला, आठाच्या थोडं वर. दोन्ही एकत्र केली की फेस येतो आणि तो बघून काहीतरी प्रभावी घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारतात आणि जे जास्त असेल ते त्वचेवर उरतं.

लिंबाचा दुसरा धोका उन्हाचा. लिंबात, आणि त्याहून जास्त हिरव्या सालीच्या आंबट लिंबांत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात, सालीत रसापेक्षा जास्त. ती त्वचेवर असताना उन्हातली अतिनील अ किरणं पडली की त्वचा भाजते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे आधी कधी झालं नाही म्हणून यापुढे होणार नाही असा भरवसा धरता येत नाही. फसवं असं की लगेच काहीच कळत नाही. साधारण एका दिवसाने लाली येते, दोन-तीन दिवसांत फोड उठतात आणि नंतर तपकिरी डाग पडतात, ते आठवडे-महिने जात नाहीत. रस जसा ओघळला असेल तसेच ओघळांचे आणि बोटांचे आकार त्वचेवर उमटतात. कॉलेजमधल्या माझ्या एका सहकारी बाईंच्या हातावर असे चार पट्टे उठले होते. सुट्टीच्या दिवशी लिंबू-साखर चोळून त्या गच्चीत कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. ते पट्टे पाच महिन्यांनीही ओळखू येत होते. म्हणून माझ्या स्क्रबमध्ये लिंबू नाही. रसही नाही, वाळवलेल्या सालीची पूडही नाही.

मी स्क्रब कसा करते ते सांगते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण यातलंच मला खरं येतं.

सगळं दाण्यावर अवलंबून आहे. साखरेचा दाणा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा कापल्यासारख्या सरळ दिसतात. कडेला पाण्याचा एक थेंब सोडला की बघता बघता कोपरे गोल होतात, मग दाणा बारीक होत होत नाहीसा होतो. हे मी कॉलेजात मुलांना कितीदा तरी दाखवलं आहे आणि दर वेळी स्वतःही डोळा लावून बसले आहे. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, मीठ फक्त ३६ ग्रॅम. म्हणजे ओल्या अंगावर साखरेचा दाणा घासता घासता आपोआप बोथट होतो आणि वेळेवर निघून जातो. मीठ जास्त वेळ टोचत राहतं आणि बारीकशा चिरेवरही झोंबतं. तेलात साखर विरघळत नाही, म्हणून तेलात कालवली की दाणा शाबूत राहतो आणि पाणी लागल्यावरच विरायला लागतो. ही जोडी कोणाला पहिल्यांदा सुचली असेल ती सुचो, मला तिचं फार कौतुक वाटतं.

जाड साखर तशीच घ्यायची नाही. खलात टाकून बत्त्याने दाबत, गोल फिरवत फोडायची. ठोकली तर दाणे उडतात आणि अर्धे जाड राहतात. पिठीसाखर होता कामा नये, कारण ती अंगाला लागताच विरते. बारीक रव्यासारखी भरड हवी. मग चाळणीतून काढायची. वर जे राहील ते परत खलात. चिमूटभर घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघायची. टोचली तर आणखी फोडायची. हे तपासणं मी कधीच चुकवत नाही.

अशी साखर दोन मोठे चमचे, एक मोठा चमचा बदामाचं किंवा सूर्यफुलाचं तेल आणि एक चमचा ओट्सचं पीठ. ओट्स कोरडेच दळायचे आणि पीठ पातळ सुती कपड्यातून वस्त्रगाळ करायचं. ओट्स घासण्यासाठी घालत नाही. त्यांनी मिश्रणाला धरबंध येतो आणि त्वचेची खाज, कोरडेपणा शांत होतो. अगदी बारीक दळलेल्या ओट्सना, म्हणजे कोलॉइडल ओटमीलला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे. घरच्या पिठाला तेवढी सर येत नाही, पण काम होतं. छाती-पाठीवर पुरळ येणाऱ्यांनी खोबरेल तेल टाळावं, ते रंध्रं बुजवतं. सुगंधासाठी दालचिनीचं किंवा लवंगेचं तेल घालू नका. एखाद-दोन थेंबांनीही आग होते आणि एकदा त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी झाली की ती जन्मभराची होऊ शकते. मी सुगंध घालतच नाही.

वापरण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्याने अंग ओलं होऊ द्यायचं. मग चमचाभर मिश्रण तळहातावर घेऊन पोटऱ्या, मांड्या, दंड, कोपर यांवर गोल फिरवायचं. जोर किती, असं मुलीने मला विचारलं होतं. झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून, ते जागं न होऊ देता, आपण हात फिरवतो तेवढा. एका भागावर अर्धा मिनिट पुरे. साखर हाताखाली विरली की थांबायचं. दहा मिनिटं कशासाठी? नंतर साबण नको, कोमट पाण्याने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, अंग दमट असतानाच साधं बिनवासाचं मलम लावायचं. आणि न्हाणीघराची फरशी तेलकट होते, हे लक्षात असू द्या. पायाखाली रबरी चटई ठेवावी आणि आंघोळ झाल्यावर फरशी साबणाने धुऊन काढावी. पुढच्या माणसाचा पाय घसरला तर मऊ त्वचेचं काय करायचं?

मी एका वेळेपुरताच स्क्रब करते. एकदा हौसेने मोठी बरणी भरून ठेवली होती. कॉफीचा चोथा, मध आणि गुलाबपाणी. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास आला आणि कडेला पांढरी लव दिसली. लव दिसायच्या कितीतरी आधीपासून त्यात जंतू वाढत असतात, डोळ्यांना ते कळत नाही. आणि हे आपण ताज्या घासलेल्या त्वचेवर लावणार! जिथे पाणी किंवा ओला पदार्थ आला तिथे परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारा पदार्थ, लागतोच. साखर-तेलाच्या कोरड्या बरणीत जंतूंना सहसा वाव नसतो, पण ओली बोटं एकदा आत गेली की तीही बिघडते. व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल फोडून घातली की टिकतो, असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. ती तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते. बुरशी आणि जिवाणू तिला भीत नाहीत.

बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. कॉफीचा चोथा पाण्यात विरघळत नाही, तेलाबरोबर जाऊन मोरीच्या नळीत बसतो. अक्रोडाच्या कवचाची पूड सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या काचेसारखी दिसते आणि ती कितीही घासली तरी बोथट होत नाही. चेहऱ्याच्या जवळपासही नको. पांढऱ्या साखरेत ग्लायकॉलिक आम्ल असतं म्हणून ती त्वचा उजळते, असंही वाचलं आहे. ते उसात असतं. शुद्ध केलेली साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. दही लावायचं असेल तर त्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य असतं. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळं काढलं होतं आणि आज कोरड्या, खरखरीत त्वचेच्या कितीतरी मलमांत ते मोजून घातलेलं असतं. दंडांवर बारीक खडबडीत पुटकुळ्या असतात, केराटोसिस पिलॅरिस म्हणतात त्याला, त्यावर घासण्यापेक्षा असं लॅक्टिक आम्लाचं किंवा युरियाचं मलम बरं.

विकतच्या स्क्रबपेक्षा घरचा मला का आवडतो, याचं एक कारण पूर्वीच्या प्लास्टिकच्या मण्यांत आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते गोळे धुतले की थेट पाण्यात जात. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून जुलै २०१७ पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत असे मणी घालून उत्पादन करण्यावर बंदी आणली, इतर देशांनीही तसे नियम केले. साखर वाहून गेली तर नदीत मणी साठत नाहीत.

दाढी केल्यावर, पायांचे केस काढल्यावर, ऊन लागल्यावर, इसब किंवा सोरायसिस असलेल्या जागी, चामखीळ असलेल्या जागी (घासण्याने त्या पसरतात) स्क्रब नको. मुरुमांसाठी रेटिनॉइड गटातलं औषध चालू असेल तरी नको, तेव्हा वरचा थर आधीच पातळ झालेला असतो. आणि लहान मुलांना तर लागतच नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचंही सांगायला हवं. ती कुठलाच स्क्रब वापरत नाही, पण वर्षानुवर्षं नायलॉनच्या घासणीने अंग घासते. तिच्या गळ्याच्या हाडांवर आणि खांद्यांच्या मागे तपकिरी जाळीदार डाग आले आहेत. हाडाच्या वर, जिथे घासणी दाबली जाते, तिथेच. ती ते डाग घालवण्यासाठी आणखी जोरात घासायची. डॉक्टरांनी घासणी टाकून द्यायला सांगितली, एवढाच उपचार. आमच्या घरात घासण्यावर सगळ्यांची फार श्रद्धा होती, माझीही. त्या श्रद्धेची किंमत माझ्या मुलीने दिली, म्हणून पत्र लांबलं तरी लिहिते आहे.

आपल्या पुरवणीत अशा कृती जरूर येऊ द्या. लोक त्या वाचतात, कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. मीही चिकटवल्या आहेत. पण औषधाच्या पुडीवर लिहितात तसं त्यांच्याखाली लिहा: दाणा किती बारीक, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, उरलेलं ठेवायचं की टाकायचं, कोणी लावू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघायला सांगा. आणि छापण्याआधी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नजरेखालून एकदा जाऊ द्या. त्या परवाच्या चौकटीबद्दल पुढच्या अंकात दोन ओळी आल्या तर मी आपली आभारी राहीन, कारण रोज दहा मिनिटं घासायला कोणीतरी एव्हाना सुरुवात केली असेल.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. : पत्र मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, टाचांचं राहिलं. टाचांची त्वचा इतकी जाड असते की साखरेने तिथे फारसं काही होत नाही. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवायचे, वजरीने दोन-चारदाच हलकेच फिरवायचं, पुसून युरियाचं मलम लावायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. मधुमेह असलेल्यांनी मात्र वजरी वापरू नये, पायाला लागलेलं त्यांना बरेचदा कळत नाही. माझ्या आईचे पाय हल्ली मुलगीच रोज रात्री बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.